वहिवाट

ज्या वाटेवर लोकांना न्यायचं, त्या वाटेवरून आधी आपण एकट्याने जाऊन यायचं, हा आमच्या कामातला न मोडायचा नियम. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या रानवाटांवर मी लहान गटांना माउंटन बाईकवरून फिरवते. काम हिवाळ्यातलं. येणारी माणसं पुण्या-मुंबईची, बेळगावची, काही आपल्याच पणजी-मडगावची, आणि अधूनमधून शाळेची मुलं. आधी घरातलं आजारपण, मग माझ्याच गुडघ्याचं दुखणं, असं एकामागून एक आलं आणि या कामात मोठा खंड पडला. या डिसेंबरात पुन्हा सुरुवात करायचं ठरलं, तेव्हा पाहुण्यांना तारखा देण्याआधी जुनी वाट पुन्हा नजरेखालून घालायची होती. डिचोलीहून मेणकुरे, आमठाण्याचं धरण, साळ, नदीपलीकडे पेडण्यातलं इब्रामपूर, हणखणे, तिथून काजूच्या डोंगरांतून चांदेल, कासारवर्णे आणि शेवटी पेडणे गाव.

आधी सायकल उघडली. गोव्याच्या पावसाळ्यात वापराविना उभी राहिलेली सायकल वरून धडधाकट दिसते, आत मात्र सगळीकडे दमट हवा शिरलेली असते. माझे टायर ट्यूबलेस आहेत. काटा लागला तर भोक बुजावं म्हणून त्यांत सीलंट नावाचं पांढरं द्रव ओततात. ते काही महिन्यांत वाळतं, आणि इथे तर त्याच्या रबरी गुठळ्या झाल्या होत्या. टायर रिमवरून उतरवून त्या नखाने खरवडून काढल्या, नवं सीलंट भरलं. मागच्या ब्रेकचा एक पिस्टन अडकला होता. तो पुसून, हलवून, पुन्हा आत-बाहेर करून मोकळा केला. चेनच्या कड्यांवर गंज धरला होता, ती बदललीच. फोर्कच्या नळ्यांवरची धूळ ओल्या कपड्याने न पुसता आधी ब्रशने झाडायची, कारण आपली तांबडी धूळ पाण्यात कालवली की सीलला घासत जाते. या कामाला एक अख्खी दुपार गेली आणि ती मला हवीच होती. रानात दहा किलोमीटर आत गेल्यावर चेन तुटली तर पाहुण्यासमोर उत्तर मलाच द्यायचं असतं.

वडावल सोडून लाटंबार्सेच्या बाजूने मेणकुऱ्याकडे जाताना पहिल्या चढावर शरीराने हिशेब मांडला. खंड पडला की दम काही आठवड्यांतच उतरायला लागतो, त्यावर काही इलाज नाही. पूर्वी ज्या गिअरवर बोलत बोलत चढायचे, त्याच्या दोन पायऱ्या खाली यावं लागलं. तोल मात्र जागचा हलला नव्हता. पुढचं चाक मुळावर चढताना कमरेने किती मागे सरायचं, खड्डा आला की पेडल आडवी कशी धरायची, नजर चाकासमोर न ठेवता दहा-पंधरा हात पुढे कशी टाकायची, हे सगळं हातापायांनी न सांगता केलं. पुन्हा सुरुवात करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे छातीठोकपणे सांगेन: दमाची काळजी करू नका, तो परत येतो. गुडघ्याची घ्या. चढावर जड गिअर ओढत बसू नका, हलका गिअर लावा आणि पाय भरभर फिरू द्या.

आमठाण्याच्या धरणावर सकाळी साडेसातच्या सुमारास धुकं होतं. तिळारीचा कालवा दुरुस्तीसाठी बंद असला की याच धरणाचं पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला जातं आणि बार्देशातल्या नळांना येतं. कळंगुटला हॉटेलात उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपण आंघोळ करतो ते पाणी या रानातून आलंय? मी गटाला इथे हमखास थांबवते आणि हे सांगते. तिळारी हा गोवा आणि महाराष्ट्राचा मिळून प्रकल्प, त्यात जवळजवळ पाऊण वाटा गोव्याचा. त्याच्या कालव्यांनी या भागाला दोन गोष्टी दिल्या: उन्हाळ्यातलं पाणी, आणि कालव्याच्या काठाने जाणारी सपाट कच्ची वाट. नवख्या सायकलस्वाराला रानाची ओळख करून द्यायला याहून बरी जागा नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला किंदळ-माटीची झाडी, आणि चढ जवळजवळ नाहीच. कालव्याच्या काँक्रीटवर ऊद, म्हणजे पाणमांजरं, येतात. त्या दिवशी ती दिसली नाहीत, पण माशांचे खवले आणि काटे असलेली त्यांची विष्ठा एका वळणावर ताजी होती. मुलांच्या गटाला तेवढंही पुरतं. पाच मिनिटं सगळी त्या जागेभोवती उकिडवी बसलेली असतात.

साळ गावात चहा घेतला. शिमग्यात इथले गडे रात्री अंगात संचार येऊन रानाकडे धावतात, मशालीच्या मागे जातात. तो उत्सव पाहायला साऱ्या गोव्यातून माणसं लोटतात. काळोखात अनवाणी पायांनी धावता येईल इतकं रान ज्यांच्या ओळखीचं, त्या गावात मी वाटांची चौकशी करते. नकाशा मी त्यानंतर उघडते. माझ्या फोनमध्ये जुन्या फेरीची रेघ जशीच्या तशी आहे. ती रेघ सांगते की मी कधीकाळी इथून गेले होते. आज जाता येईल का, हे चहाच्या टेबलाशी बसलेला माणूस सांगतो.

नदी ओलांडून पेडणे तालुक्यात शिरलं की डोंगर काजूचा होतो. इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण या वाटांचं खरं रूप या डोंगरांत कळतं.

जांभ्या दगडाच्या उतारावर पावसाने माती वाहून गेलेली असते आणि वर राहते ती गोल, कडक, तांबडी बारीक खडी. तिच्यावर चाक टाकणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवरून चालणं. त्यावर काजूच्या सुक्या पानांचा थर, आणि त्या थराखाली कुठे दगड, कुठे मूळ, ते दिसत नाही. हणखण्याच्या वर अशी एक उतरण आहे. वरून पाहिलं तर ती झाडीत शिरते आणि डावीकडे वळते, एवढंच दिसतं. मी उतरून पायी चालत खाली गेले, पानं पायाने बाजूला करत. वळणाच्या आतल्या अंगाला पावसाने हातभर खोल नाळ पाडली होती. पूर्वी ती नव्हती. बाहेरच्या अंगाने गेलं तर डोक्याच्या उंचीवर काजूची एक आडवी फांदी. म्हणजे रेघ नाळीच्या काठाने धरायची, फांदीपाशी मान खाली घालायची, पुढचा ब्रेक वळणात अजिबात दाबायचा नाही, वेग वळणाआधीच उतरवायचा. पुन्हा वर चढून तशीच उतरले. चाक एकदा घसरलं, सावरलं. खाली पोचल्यावर वहीत लिहिलं: मुलांना इथे पायी उतरवायचं, सायकल उजव्या हाताला धरून. पाहुण्याच्या दृष्टीने ही अर्ध्या मिनिटाची गंमत. तिच्यामागे माझा जवळजवळ तास जातो, आणि तो तास मी कधीही वाचवणार नाही.

या उतरणीखाली एक जोडपं काजूखालची बेणणी करत होतं. बोंडं धरायच्या आधी झाडांखालचं गवत, काटेरी झुडपं कोयत्याने साफ करतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पडलेली बी दिसते आणि गोळा करता येते. मी थांबून हाक मारली. बाई माझ्या आईच्या वयाच्या. सायकलकडे पाहून त्यांनी आधी विचारलं, “एकलीच गो?” मी हो म्हटलं. मग मी पुढच्या वाटेचं विचारलं तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला.

“फुडें वचूं नाका बाये. थंय गेट घातलां.”

“मागीर आतां खंयच्यान वचप?”

त्यांच्या घरच्या माणसाने हात दाखवला. “ह्या वळणार सकयल देंव. व्हाळान व्हाळान वच. गोरवां थंयच्यानच वतात.”

तरीही मी गेटपर्यंत जाऊन आले, कारण पाहिल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही, हाही नियमच. डोंगराचा तो तुकडा बाहेरच्या कुणीतरी घेतला होता. लोखंडी खांब, जाळी, मधोमध कुलूप. जाळीपलीकडे तीच वाट पुढे जाताना दिसत होती, दोन्ही बाजूंना करड गवत उभं राहिलेलं. पाय पडणं बंद झालं की पहिल्याच पावसात गवत वाटेवर येतं, दुसऱ्या पावसात झुडपं, आणि मग पुढच्या पिढीतल्या कुणाला सांगावं लागतं की इथे वाट होती. त्या बाईंना पलीकडच्या वाड्यावर माहेरी जायला ती जवळची वाट होती. आता त्या रस्त्याने, बसची वाट पाहून जातात. मला दोन किलोमीटरचा वळसा पडला, त्याचं फारसं काही नाही. त्यांचं जाणं-येणं तुटलं, ही त्या गेटची खरी किंमत.

रानवाट जंगलातली एक मोकळी जागा असते आणि ती आपल्यासाठी तशीच पडून राहील, असं शहरातून आलेल्या माणसाला वाटतं. या कामाने मला दाखवलं ते वेगळं आहे. पेडण्या-डिचोलीतली एकही वाट आपोआप टिकलेली नाही. काजूवाल्यांनी ती टिकवली, गुराख्यांनी टिकवली, जळणाला जाणाऱ्या बायकांनी टिकवली. चतुर्थीच्या आधी गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी कांगलां, कवंडाळां, घागऱ्यो शोधत रानात शिरणाऱ्या पोरांनी टिकवली. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होतं. सरहद्द बदलली, तरी पेडण्याच्या आणि सावंतवाडी-दोडामार्गाच्या गावांतल्या सोयरिकी चालूच राहिल्या, आणि त्या सोयरिकींनीही डोंगरातल्या वाटा पायाखाली ठेवल्या. मी त्या वाटांवर पैसे कमावते. त्या तयार करण्यात माझा काडीचाही वाटा नाही, म्हणून त्या उघड्या ठेवण्यात तरी असायला हवा.

व्हाळाची वाट अप्रतिम निघाली. डिसेंबरात पाणी घोट्याएवढं, दगड गुळगुळीत, वर करंजाची आणि जांभळीची सावली. सायकल काही ठिकाणी खांद्यावर घ्यावी लागते, पण गटाला अशा जागा आवडतात. शिवाय गुरांनी निवडलेली वाट चढाला कधी फसवत नाही. गुरं सरळ चढत नाहीत, आडवी आडवी जातात. डोंगरावर रस्ता आखणाऱ्या अनेकांपेक्षा त्यांची आखणी मला पसंत आहे. एका जागी ओल्या मातीत गव्याचे खूर उमटले होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तिथे मी घंटी वाजवत, सावकाश गेले. गवा समोर आला तर थांबायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे ठेवायची, त्याला जायला जागा द्यायची आणि फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, हे गटाला निघण्याआधीच सांगितलेलं असतं.

दुसरा धोका दिसायला अगदीच लहान. कोरड्या महिन्यांत, जास्त करून जानेवारीपासून मेपर्यंत, या पट्ट्यातल्या रानात गोचिडींची पिल्लं जमिनीवरच्या पाचोळ्यात असतात आणि त्यांच्यातून माकडताप पसरू शकतो. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाली गावात आला, २०१६ मध्ये सीमेपलीकडे दोडामार्गातल्या केर गावात. त्याचा फटका जास्त बसला तो काजूच्या हंगामात पाचोळ्यात बसून बी गोळा करणाऱ्यांना. म्हणून माझे गट मी डिसेंबरच्या पुढे काजूच्या डोंगरांत फारसे नेत नाही. नेले तर लांब बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, पाचोळ्यावर बसायचं नाही, आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. एखादा पाहुणा याला बाऊ म्हणतो. त्याला मी वाटेवरच्या गावातल्या काजूवाल्यांशी बोलायला लावते.

चांदेलच्या वरून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आले तेव्हा ऊन चढलं होतं. इथून मोपाचा सडा पूर्वी नुसता पिवळ्या करडाचा दिसायचा. आता तिथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली. त्याआधी या सड्यावरची झाडं आणि त्याच्या कुशीतले झरे यांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१९ च्या मार्चमध्ये पर्यावरण परवाना स्थगित झाला, २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठली. सड्यावर पिढ्यान् पिढ्या गुरं राखणाऱ्या धनगर कुटुंबांना तिथून हलावं लागलं. माझ्या कामाला विमानतळाने पाहुणे दिले, हे मी नाकारत नाही. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारी पेडण्यात असतो. पण धनगरांबरोबर त्यांच्या वाटाही गेल्या, आणि त्या मला कुणी विमानाने आणून देणार नाही. मोपाच्या अंगाने जाणारा माझा जुना पट्टा मी वहीतून कायमचा काढून टाकला. सड्यात मुरलेलं पाणी खाली झऱ्यांतून कुळागरांना मिळतं, हे शाळेच्या मुलांना दाखवायला आता मी दुसरे सडे शोधते आहे.

डिचोलीच्या दक्षिणेकडेही असंच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि त्या मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रक नसलेले रुंद रस्ते आणि अकेशिया लावलेले मातीचे जुने ढिगारे आम्हा सायकलवाल्यांना आयते मिळाले. तिथे सरावही खूप केला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये डिचोलीच्या पट्ट्याचा लिलाव झाला, २०२४ मध्ये खनिज निघू लागलं. आता मी तिथे कुणाला नेत नाही. ते रस्ते आमचे कधीच नव्हते, आणि मुळगाव-शिरगावच्या लोकांचा शेतीचा आणि विहिरींचा प्रश्न आमच्या सरावापेक्षा कितीतरी मोठा आहे.

कासारवर्ण्याकडे उतरताना गुडघा ठणकायला लागला होता. थांबले, बर्फाचं पाणी लावलं, सीट बोटभर वर केली. राहिलेला रस्ता डांबरी होता. पेडण्यात पोचले ती दुपारी उशिरा, भगवतीच्या देवळासमोर, आणि तिथेच बसून वही पुरी केली. गेट कुठे, व्हाळ कुठे, कोणत्या वळणापर्यंत जीप येऊ शकते, फोनला गोव्याचं नेटवर्क कुठे जातं आणि महाराष्ट्राचं कुठे लागतं, पाणी भरायला विहीर कोणाच्या अंगणात. त्या वहीशिवाय मी कुणालाही रानात नेत नाही.

या हंगामात गट सुरू होतील. येणाऱ्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. काजूच्या बागेत शिरण्याआधी हाक मारा. बेडं उघडलं तर मागे लावा. पडलेलं बोंड उचलू नका, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. चिखलात चाक रुतत असेल तर परत फिरा, कारण ओल्या वाटेवरची तुमची खोल रेघ पुढच्या पावसात नाळ होते.

आणि पेडण्या-डिचोलीतल्या माझ्या माणसांना एक कळकळीची विनंती. तुमच्या वाड्यावरची वहिवाटीची वाट तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या मुलांना ती दाखवून ठेवा. एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर सर्व्हे प्लॅनही काढून बघा, त्याच्यावर वाट दाखवली आहे का. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. पंचायतीच्या जैवविविधता समितीलाही सांगा. कुणी गेट घातलं तर मामलेदार न्यायालयाच्या १९६६ च्या कायद्याखाली अडवलेल्या वाटेबद्दल दाद मागता येते, पण ती लगेच मागायची असते. गेट घातल्याच्या आठवड्यातच अर्ज द्या, आणि त्या वाटेने जाणाऱ्या दोन-चार शेजाऱ्यांच्या सह्या सोबत जोडा. माझी सही हवी असेल तर मीही येईन.